एका पातेल्यातली आठ दुकानं

ऐकतेस का,

तुझ्या कॉम्प्युटरातली जागा संपली म्हणून प्रदीप काल घरी आला होता. तेरवीनंतर पहिल्यांदाच तो कामाचं काही बोलायला आला. चप्पल बाहेर काढली, खाटेच्या कडेवर टेकला, पाणी प्यायला आणि तरी तोंड उघडेना. मीच म्हटलं, "बोल ना बे, कोनी मेल्यासारखा काऊन बसला?" बोलून गेलो आणि मग दोघंही भिंतीकडे पाहत बसलो.

शेवटी त्यानं सांगितलं. डिस्क भरली आहे. मृग तोंडावर आला, बियाण्यासाठी रांगा लागतील. त्याला प्रोग्राममधला नवा बदल तपासायचा आहे आणि तुझ्या त्या आठ दुकानांतलं एकही चालू होत नाही, कारण आत पाय हलवायला जागा नाही. काहीतरी टाकून द्यावं लागेल. टाकण्यासारखं एकच उरलं आहे. रोहिणखेडचं दुकान तू शेवटच्या दिवशी जसं अर्ध्यात सोडून उठलीस, तसंच त्यानं झोपवून ठेवलं आहे. ते झोपेतही जागा खातं.

"तुमी हो म्हनाल तं टाकतो काका," तो म्हणाला. "नाई तं मी पाहतो दुसरं काही."

मी म्हटलं, उठ अन् चालता हो. तुझ्या सख्ख्या बहिणीचा पोरगा, तुझ्या हातची भाकर खाऊन वाढलेला, त्याला मी दारातून काढून दिला. तो उलटून बोलला नाही, त्याचा मला जास्त राग आला. रात्रभर तुझ्याशीच भांडत होतो. तू उत्तर देत नाहीस, म्हणून सकाळी लिहायला बसलो. चौथीपर्यंतची अक्षरं आहेत माझ्याजवळ, तेवढ्यात भागवून घे.

तू गेल्यावर भेटायला आलेल्या बाया विचारत होत्या, बाई त्या कॉम्प्युटरच्या दुकानात करत तरी काय होत्या? मला धड सांगता आलं नाही. तू सांगायचीस, "दुकानं मोडून पाह्यते." खरंच तेवढंच करायचीस. प्रदीपनं कृषी केंद्रांसाठी बिल करायचा प्रोग्राम लिहिला होता. तो कुठं फसतो ते शोधायला त्याला असं माणूस हवं होतं, ज्याला बटणं दाबायची भीती नाही आणि ज्याला गिऱ्हाईकाचे सगळे नखरे माहीत आहेत. तू मॅट्रिक पास, अंगणवाडीत पोरं सांभाळलेली, आणि माझ्यासारख्या गिऱ्हाईकाबरोबर उभा जन्म काढलेला. त्याला दुसरं कोण सापडणार होतं?

पण आधी ती चार तासं, शेताच्या कडेच्या कपाशीच्या त्या चार ओळी. त्यांच्याशिवाय पुढचं काही लिहिता येत नाही मला.

बीटी नवी आली तेव्हा सगळं गाव पिसाटल्यासारखं तिच्या मागं होतं. आपलं रान संग्रामपूरकडं, पाणी खारं, कपाशीशिवाय दुसरं काय डोंबल करणार? मीही आणली. त्या थैलीसोबत साध्या कपाशीची एक लहान पुडी यायची. ती शेताच्या कडेनं लावा, अळीला तेवढी खाऊ द्या, नाही तर ती बीटी पचवायला शिकेल, असं कंपनीचा माणूस सांगून गेला. गावानं पुड्या बांधावर फेकल्या. मीही फेकली. तू ती उचलून आणलीस आणि कडेची चार तासं स्वतःच्या हातानं टोबलीस.

"जागा कायले नासवते वं? चार तासाची कपाशी गेली माही."

"अळीले खायले नको का?"

"अळीले जेवू घालाले शेती करतो का मी?"

"साधी अळी साधीच राहू द्या. तिले हुशार नका करू."

मी हसलो होतो. शेजारच्या बांधावरचेही हसले होते. तू दरसाल ती चार तासं लावत राहिलीस आणि आपण दरसाल तेच भांडण भांडत राहिलो. पेरणीचा तो एक भागच होता म्हण ना. वखर, पाऊस, भांडण, टोबणी.

मग ते लाल पडलेलं साल आलं. पानं लाल, बोंडं अर्ध्यात थांबलेली. पुढच्या सालीही तेच. मला वाटलं तू रडशील. तू म्हणालीस, शेत बटाईनं देऊ आणि खामगावात खोली घेऊ, तिथं जिनिंगवर गेटकीपर पाहिजे आहे, मी विचारून आले. कधी विचारून आलीस? मला आजवर माहीत नाही.

असा मी जिनिंगच्या गेटवर आणि तू प्रदीपच्या खुर्चीवर. जुन्या लुगड्याची घडी करून तू त्या खुर्चीत टाकलीस त्या दिवशी मला कळलं की ही बाई आता इथून उठत नाही. दुपारच्या सुट्टीत मी तुझा डबा घेऊन यायचो. गेटवरचे हमाल चिडवायचे, "काय बुढा, आज भाकर तू थापली का?" हो, कधीकधी मीच थापायचो. वाकडी व्हायची, तू खायचीस.

त्या खुर्चीचं पहिलं वर्ष आठव. आठ कृषी केंद्रांनी प्रोग्राम घेतला होता आणि आठही ठिकाणचे कॉम्प्युटर आठ तऱ्हेचे. एकाचा जुना, एकाचा त्याहून जुना, कोणाचा प्रिंटर मराठी अक्षरं उलटी छापायचा. प्रदीपच्या टेबलावर सगळं चालायचं आणि रोहिणखेडला नेलं की मान टाकायचं. तो मोटारसायकलवर गावोगाव पळायचा, परत यायचा तोवर दुसऱ्या गावाचा फोन. मग कोणीतरी त्याला सांगितलं की एका कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर मांडता येतो. खोटा, पण खऱ्यासारखाच वागणारा. त्याचं इंग्रजी नाव प्रदीप घ्यायचा. तू त्याला सरळ दुकान म्हणायला लागलीस.

मी डबा घेऊन आलो तर तुझ्या पडद्यात आणखी एक पडदा.

"हे काय वं? टीव्हीत टीव्ही?"

"यासीनभाईचं दुकान हाय हे. रोहिणखेडचं."

"इथं?"

"इथं. हे पाह्य, त्याचाच तो जुना रंग, त्याचंच ते रडकं यंत्र. आता त्याच्या दुकानाची लाइन घालवते." तू एक बटण दाबलंस आणि आतला पडदा काळा झाला. बाहेरचा जसाच्या तसा. "अर्ध्या बिलात लाइन गेली. आता आल्यावर बिल सापडते का पाहू."

त्या काळात रोज लाइन जायची, वीज नसण्याची सवय होती. पण दुसऱ्या गावची लाइन इथं बसून घालवणारी बाई मी कधी पाहिली नव्हती. मी डबा हातातच धरून उभा होतो.

यासीनभाई स्वतः आला होता एकदा, आठवतं? कामाचा माणूस, टोपी सरळ करत तुझ्या मागं उभा राहिला. आपल्या दुकानाचा पडदा ओळखला आणि खुर्चीवर बसलाच तो. "भाभी, ये तो मेरी दुकान है! दुकान इथं हाय तं मी तिथं कायले बसतो? चाय मंगवा, इथंच बसतो." तू म्हणालीस, "बसा ना भाई, पन गिऱ्हाईकं खोटे हायेत, नफा भेटनार नाई." तो म्हणाला, "तिथं तरी कोनता भेटून राह्यला?"

पण जागेनं घात केला. एकेक दुकान म्हणजे एकेक आख्खा कॉम्प्युटर. तीन मांडले आणि डिस्क भरली. प्रदीप म्हणाला, "मौशी, एक मांडायचं, तपासायचं, पुसायचं, मंग दुसरं मांडायचं." मांडायलाच अर्धा दिवस जायचा. मृग जवळ येत होता. नवी मोठी डिस्क त्या साली परवडत नव्हती. एक दिवस मी डबा घेऊन पायऱ्या चढत होतो आणि आतून ऐकू आलं. तो म्हणत होता की हे तपासायचं काम पुण्याच्या पोरांकडं द्यावं लागेल, त्यांच्याकडं मोठी यंत्रं आहेत. त्या दिवशी डबा न खाता परत दिलास. घरी येईपर्यंत तू तुझ्या खुर्चीतली लुगड्याची घडी काखेत धरून चालत होतीस.

मी म्हटलं, "जेवून घे." एवढंच.

तू वरण लावलंस. आपलं नेहमीचं, तुरीचं, पातेल्यात बिनमिठाचं. गावाकडं एका चुलीवर सगळं घर जेवायचं तेव्हापासूनची तुझी ती रीत. माझ्या आईला मीठ चालत नव्हतं. मला लसणाची झणझणीत फोडणी. भावाच्या पोरांना तिखट नको. बापाला कढीपत्ता दिसला की तो ताट सरकवायचा. दुसऱ्या घरी चार चुली झाल्या असत्या. तू एकच पातेलं शिजवायचीस, साधं, आणि ज्याच्या त्याच्या वाटीत त्याची त्याची फोडणी. पातेल्यात कोणाचा चमचा गेला की हातावर पळी बसायची. माझ्याही बसली आहे.

त्या दिवशी माझ्या वाटीत फोडणी ओतता ओतता तू थांबलीस. तेल तसंच सांडलं. "थांबा," म्हणालीस. कशाला थांबायचं ते सांगितलं नाहीस.

दुसऱ्या दिवशी मी गेटवरून लवकर सुटी मागून आलो, काय होतं ते पाहायला. तू प्रदीपला विचारत होतीस.

"ह्या आठी दुकानात सारखं काय हाय?"

"जवळजवळ सगळंच, मौशी. कॉम्प्युटर चालू व्हायचं जे बूड असते ते. वरचं थोडं थोडं वेगळं."

"मंग ते बूड आठ खेपा कायले शिजवतं? एकदा शिजव. बाकी वाट्या मांड."

प्रदीपनं तुझ्याकडं पाहिलं आणि मग पडद्याकडं वळला. बराच वेळ शोधत होता. मग टेबलावर हात मारला त्यानं. "आहे मौशी! असं करता येते! खाली एकच राहते, त्याले कोनी हात लावत नाई, बाकीचे नुसता आपापला फरक लिहून ठेवतात."

लोकांनी ते आधीच करून ठेवलं होतं, जगात कुठंतरी. तू काही नवीन काढलं नाहीस, तू स्वतःच तसं म्हणायचीस. पण माझं डोकं अजून तिथंच अडकलं आहे. तुला ते कोणी दाखवलं नव्हतं. फोडणी ओतताना दिसलं.

मग तू ते पातेलं मांडायच्या आधी कसं घासलंस ते मी पाहिलं. बुडात नको ते सगळं काढून टाकलंस. गाणी, चित्रं, कोणी न उघडलेली मदतीची पानं. "इथं एक कन टाकला तं आठी वाट्यात दिसते, अन् इथून एक कन काढला तं आठी वाट्यांतून जाते," म्हणालीस. पुसल्यावरही डिस्क आकसत नाही, तिचं पोट सुटलेलं तसंच राहतं. म्हणून रिकामी जागा आधी झाडून कोरी करायची आणि मग पोट आवळायचं, हे प्रदीपकडून शिकून घेतलंस. आवळून झाल्यावर असा श्वास सोडलास जशी स्वतःचंच लुगडं कसून नेसलीस.

आणि त्या झाडाझाडीत माझे पत्ते गेले. डबा संपेपर्यंत मी त्या कॉम्प्युटरवर पत्ते लावायला शिकलो होतो, तेवढीच माझी करमणूक. दुसऱ्या दिवशी पाहतो तर नाहीत.

"माहे पत्ते कुठं गेले?"

"काढले."

"सांगाचं तरी!"

"यासीनभाईच्या दुकानातलेही गेले. मोताळ्याचेही. एका झाडूत आठी गावचे जुगारी सुधरले."

प्रदीप हसून हसून टेबलाखाली गेला. मी चिडलो होतो, पण आतून गारच झालो होतो. आठ गावचे पत्ते. एका झाडूत.

तीन दुकानं जिथं मावत नव्हती तिथं आठ मावली आणि वर जागा उरली. पुण्याच्या पोरांचं नाव प्रदीपनं परत काढलं नाही. लुगड्याची घडी खुर्चीत परत गेली.

गिऱ्हाईकं तू पातेलं मांडतानाच खाली टाकली होतीस, म्हणजे एकदा लिहिलं की आठी दुकानात दिसतील. नावं लागत होती. तू माझी आई टाकलीस, ती जाऊन कितीतरी सालं झाली होती. माझा बाप टाकलास. भाऊ, भावजय. नावं कमी पडली तेव्हा आपला मन्या बैल टाकलास, गाव संग्रामपूर तालुका, आडनाव आपलंच. मी म्हटलं, "बैल बियानं घेईन?" तू म्हणालीस, "तुमच्यापेक्षा सोयीनं घेईन." आणि मला तर टाकलंसच. मी तुझं सगळ्यात उपयोगी गिऱ्हाईक होतो. थैली घ्यायची, परत करायची, पुन्हा मागायची, नाव एक सांगायचं, गाव दुसरं सांगायचं. प्रोग्राम मोडायचा तर माझ्या नावावर मोडायचा. प्रदीपला सांगून तू बिलात एक चौकट घालून घेतली होतीस, 'साधी पुडी दिली का?' तिथं खूण केल्याशिवाय बिल पुढं सरकू नये. ते खरंच अडतं की नाही, हे तपासायला रोज माझ्या नावानं भांडायचीस.

"आज कुठं भांडलो मी?" मी डबा उघडत विचारायचो.

"मोताळ्याले. पुडी नको म्हनत होते."

"मंग?"

"बिलच नाई झालं तुमचं."

आणि संध्याकाळी उठताना तू एक बटण दाबायचीस आणि आठी दुकानं सकाळसारखी. भांडण नाही, परत केलेली थैली नाही, गेलेली लाइन नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी विचारलं होतं, असं शेताला करता येतं का? लाल पडायच्या आधीचं? तू हसली नाहीस. म्हणालीस, "खाली काही चांगलं ठेवलं असन तं थोडंफार येते." मला कळलं की तू त्या चार तासांचं बोलते आहेस आणि मी विषय बदलला.

एक विचारलं होतं मी तेव्हा. "सगळे टाकले. तुहं नाव कुठं हाय?"

"मी दुकानदार हाओ. गिऱ्हाईक कशी होऊ?"

बस, एवढंच. आणि माझी वाटी पुढं सरकवलीस.

मग ते मृगाच्या तोंडावरचं. प्रोग्राम नवा केला होता. आठ वाट्यांत आठदा टाकायचा कंटाळा आला म्हणून प्रदीपनं तो सरळ पातेल्यात टाकला. चांगल्याच मनानं टाकला पोरानं, तुझी मेहनत वाचावी म्हणून. सकाळी आठातलं एकही दुकान उघडेना. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी त्या दिवशी गेटवर जायच्या आधी तुला सोडायला आलो होतो, म्हणून मी ते पाहिलं. माझी खात्री झाली की आता तुझी खुर्ची गेली.

तू पदर खोचलास आणि विचारलंस, "पातेल्यात मीठ टाकलं ना बे?"

"हाव मौशी."

"आता कोनाच्याच तोंडी लागनार नाई ते. प्रत्येक वाटी जुन्या पातेल्यावर बसवली व्हती." रागावली नाहीस. पिशवीतून बांगड्यांचा पत्र्याचा डबा काढलास. त्यात कापसाच्या गादीवर एक लहान जुनी डिस्क होती. पातेलं घासून मांडलं त्याच दिवशी तू त्याची एक जशीच्या तशी प्रत काढून ठेवली होतीस. एकच. आठांची नाही, फक्त खालच्याची. ती प्रत तू जागेवर ठेवलीस आणि वाट्यांना काही कळलंच नाही. एकेक करून आठी दुकानं उठली. माझी आई उठली. मन्या उठला. मी जिनिंगचं गेट विसरून दारातच उभा होतो, चष्म्याविना, तू वाचलेली नावं ऐकत.

"आता पातेल्याले हात नाई लावायचा," तू प्रदीपला म्हणालीस. "मी मेली तरी नाई."

असं बोलायची तुझी सवय होती. मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

बियाणं सुटलं त्या दिवशी यासीनभाईच्या दुकानापुढं रांग रस्त्यापर्यंत होती. त्याचा फोन आला. तू फोन कानापासून लांब धरलास, एवढा ओरडत होता तो. "भाभी, चल रहा है! लाइन गेली, आली, बिल जागेवर!" तू फोन ठेवलास आणि मला म्हणालीस, भाकर वाकडी झाली आज.

आता आजचं सांगतो. दुपारी मी दुकानात गेलो. प्रदीप उभा राहिला, कालचं काही मनात न ठेवता चहा सांगितला. तुझ्या खुर्चीत कोणी बसत नाही. घडी तशीच आहे. मी म्हटलं, "खोल रोहिनखेड. पाहू दे काय ठेवलं तिनं."

उघडलं. माझं नाव. बीटीची थैली. खाली 'साधी पुडी दिली का?' आणि चौकट रिकामी. तिथं ती बारीक काडी उघडमीट करत होती. म्हणजे आपलं भांडण चालू होतं आणि त्यातून तू उठलीस. "आलीच," म्हणाली होतीस प्रदीपला, पोट धरून. आणि मग दवाखाना, आणि मग मी ते लिहीत नाही.

बटाईवाल्यानं परवा सांगितलं की बीटीच्या बोंडात आता गुलाबी अळी निघते आहे. बाहेरून बोंड चांगलं, आतून पोकळ. त्यानंही पुड्या बांधावर फेकल्या होत्या, सगळे फेकतात. मी हार मानलेली नाही, सांगून ठेवतो. आपल्या एकट्याच्या चार तासांनी काय झालं असतं? सगळ्या गावानं लावली असती तर, असं तू म्हणशील. मग सगळ्या गावाशी भांड ना, माझ्याशीच काऊन?

ती काडी पाहून माझं डोकं फिरलं. प्रदीपला म्हटलं, "हे टाकाचं तं टाक, पन आधी खाली तिचं नाव घाल. माही माय हाय, बाप हाय, बैल हाय. एकटी तीच नाई."

"काका, ते नाई करता येत."

"काऊन? तुह्या बापाचं काय जाते?"

"पातेल्याले हात लावला तं आठी दुकानं बसतीन. एकदा बसवले मी." "मौशी तवा काय म्हने ते तुमीबी ऐकलं हाय."

ऐकलं होतं. मी चहा प्यायलो. गार झाला होता. मग विचारलं, "ती असती तं ह्या अर्ध्या बिलाचं काय केलं असतं?"

"खरं सांगू? त्याच संध्याकाळी टाकलं असतं."

"मंग टाक."

"काका..."

"टाक म्हनतो ना बे. तिचं काम अडवून मी कायले बसू?"

त्यानं बटण दाबलं. माझं नाव गेलं, काडी गेली, पडदा काळा. झोपेतून उठवायला आता काही नव्हतं, दुकानाला पार पहिल्यापासून उठावं लागलं. बराच वेळ घेतला त्यानं. मग निळा उजेड आला आणि मधोमध एक लहान चित्र, त्याच्या बाजूला मराठी अक्षरं. मी चष्मा लावला.

द्वारका.

"हे कोनं लिवलं?"

"मौशीनंच. पातेलं मांडलं त्या दिवशी. सुरुवातीले इचारते ना ते, चालवनार कोन म्हनून. मराठी अक्षर बसते का पाहाले तिनं आपलं नाव टाकलं."

"मले कवा काऊन नाई दिसलं?"

"तुमी डबा घेऊन याचे तवर आठी दुकानं उघडून राहत, काका."

मी म्हटलं, बाकीची खोल. त्यानं एकेक उघडलं. मोताळा. द्वारका. संग्रामपूर. द्वारका. प्रत्येक दुकान उघडायच्या आधी तेच. एकदाच लिहिलेलं, आठी ठिकाणी उभं. उभ्या जन्मात मी तुला नावानं हाक मारली नाही. ऐकतेस का, एवढंच म्हणत आलो, आणि आजही वर तेच लिहिलं. तिथं बसून मी ते आठ वेळा मोठ्यानं वाचलं. प्रदीप खिडकीतून बाहेर पाहत होता.

तू सांगितलं होतंस मला. मी दुकानदार हाओ. मी तुला गिऱ्हाईकांत शोधत होतो.

रोहिणखेडला परत आलो. प्रदीपनं दाखवलं, नावावर बाण न्यायचा आणि दाबायचं. मी दाबलं. कुलपाचा शब्द त्यानं घातला. दुकान उघडलं. मी माझं बिल मीच केलं, हळूहळू, एकेक अक्षर शोधत. थैली. आणि मग ती चौकट. ती सोडून पुढं जायचा प्रयत्न करून पाहिला. जाऊ दिलं नाही तू. मग खूण केली. तुझं पटलं म्हणून नाही. दुकान तुझं आहे म्हणून. तुझ्या दुकानातून कोणी पुडी न घेता जाणार नाही, मग तो मी का असेना.

बिल झालं. प्रदीपनं डोळे पुसले आणि विचारलं, "काका, हे ठेवू का?"

"कायले?" मी म्हटलं. "जागा खाईन. सकाळसारखं कर."